प्रदर्शनातून पळालेला भोंगा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच आडवी पडून लिहिते आहे, गुडघा फुटलाय.) तुमची कंबर कशी आहे? मामीचा राग उतरला का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी मी आणि माझी मैत्रीण ढोलकी (कधी गप्प बसत नाही म्हणून) आम्ही पुराचा भोंगा केला. नळीत चेंडू, पाणी चढलं की चेंडू चढतो, दोन तारा टेकतात आणि भोंगा असा बोंबलतो की कुंभकर्णाने अंथरूण गुंडाळावं. शाळेमागे ओढ्याला लागून शिंप्यांची खोलगट गल्ली आहे, तिथेच तो बसवला होता. प्रदर्शनापुरता, एका दिवसासाठी काढून आणला. पहिल्या नंबराचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर कायमचा लागतो, आणि मला तो फोटो हवा होता, मामा. वेणी कशी घालायची तेसुद्धा ठरलं होतं.

परीक्षक शेजारच्या टेबलाशी पोचले आणि मी सहज खिडकीतून खाली पाहिलं. ओढा गढूळ झाला होता, धुण्याचा दगड दिसेना. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता, पण वर डोंगरात कोसळला असणार. बाईंना सांगितलं तर त्या कुजबुजल्या, "अगं, जरा थांब. टेबल सोडलंस तर बाद होशील." शेजारचा ज्वालामुखी पेटत नव्हता आणि परीक्षक (गोल चष्मा, अतिशय सहनशील) तो पेटायची वाट बघत होते. मी एकदा ज्वालामुखीकडे बघायची, एकदा ओढ्याकडे. तेवढ्यात काठावरची पायरी बुडाली. नुसतं ओरडत जावं तर शिलाई मशीनच्या खडखडाटात कोण ऐकणार? ढोलकी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. तिने बॅटरी कडेवर घेतली, मी भोंगा उचलला.

गुडघा जिन्यातच फुटला. गल्लीत शिरल्यावर दोन्ही तारा हातानेच टेकवल्या आणि धावत सुटलो. लोक बाहेर आले ते आम्हाला झोडपायलाच. मग त्यांना आमच्यामागे पाणी दिसलं. पाठलाग करत आलेल्या मुख्याध्यापकांनी रागवायला तोंड उघडलं, तोच एका शिंपीणबाईने आपल्या आजारी सासूची खाट त्यांच्या हाती दिली. दुसरी बाजू त्यांच्यामागून आलेल्या परीक्षकांनी धरली. (खाट तिरकी होते म्हणून सासूबाईंनी दोघांना वाटभर सुनावलं.) पाणी कमरेइतकं घराघरांत शिरलं, पण माणूस एकही अडकलं नाही.

नंबर ज्वालामुखीला गेला. तो शेवटपर्यंत पेटला नाही, पण टेबलावर तरी होता! संध्याकाळी चिखलाने माखलेले परीक्षक म्हणाले, "मोठ्या प्रदर्शनाला मी तुझं नाव देतो. भोंगा मात्र पावसाळाभर तिकडे प्रदर्शनातच राहील." शिंपीणबाई शेजारी ओलं कापड पिळत होत्या. त्या बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. मी "नको" म्हटलं, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून भरपूर रडले. भोंगा पुन्हा ओढ्याकाठी बसलाय.

मामीला नमस्कार.

तुमची लंगडी भाची

ता. क. भोंगा आणि बॅटरी तुमच्या स्कूटरची आहेत. (आमच्या अंगणात झाकून ठेवलेली, तीच.) सुट्टीत ती न्यायला येणार आहात असं आईकडून कळलं, म्हणून घाईने लिहिलं.

ता. ता. क. आईला वाटतंय, दोन्ही वस्तू तुम्हीच आनंदाने दिल्यात. कृपा करून तिला तसंच वाटू द्या.

अगदी शेवटचं: गल्लीने भोंग्याच्या डब्यावर लाल रंगात, लांबून वाचता येईल असं "मामांकडून भेट" लिहिलंय. काढायला अवश्य या. सगळी गल्ली तुम्हाला भेटायला आतुर आहे.