भोपाळच्या क्वार्टरची माती

ग्वाल्हेर, १८ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप सुधाताईस मधूचा ग्वाल्हेरहून नमस्कार.

या महिन्यात अमरावती मध्य प्रदेशातून गेली आणि ग्वाल्हेर त्यात आलं, म्हणून पाकिटावरचा पत्ता दोनदा खोडला. आईची कंबर कशी आहे? मी वेळेवर जेवतो.

लीलाच्या वडिलांचं ऑफिस भोपाळला चाललंय. तिथे त्यांची क्वार्टर्स व्हायची आहेत, त्या जागेची काळी माती तपासायला मी काम करतो त्या प्रयोगशाळेत आली. ती पाण्याने फुगते आणि भिंती फोडते. चुना मिसळला की फुगणं कमी होतं.

सोमवारी मी चुना कालवला आणि लगेच माती साच्यात ठोकून भिजत घातली. दुसऱ्या दिवशी बोटभर फुगलेली. मी साचाच आपटला. ओव्हरसियर सूर्याजीराव हसले. "मधू भैया, मिट्टी आहे, दुश्मन नाही. चुना घालून एक दिवस झाकून ठेव, मग ठोक. थोडा सब्र कर!" तसं केलं. आज पट्टी लावली, तर माती जेमतेम केसभर वर आली होती.

लीलासाठी कॉलेज सोडून आलो, हे मी तिच्या वडिलांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्यांनी नुसता चहा दिला.

आपल्या नानांना लीलाच्या घरी ताबडतोब मागणी घालायला पाठव, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते राहू दे. जूनमध्ये कॉलेजात परत घेतील का, तेवढं नानांना तिथे विचारायला सांग. तोवर लीलाच्या घराला तडे जाणार नाहीत, एवढं मी इथून बघतो.

तुझा, आज कोणाशीही न भांडलेला,
मधू