काटे दुपारी पडतात

४ नोव्हेंबर, सोमवार

मी कामाला निघायच्या आतच आईच्या केसांचे काटे पडले. सगळे. आईचं डोकं भिजलेल्या पिल्लासारखं दिसत होतं. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे. कोण बघतंय!"

ही गेली त्याला आज सव्वीस दिवस. हिचं केस कापायचं दुकान. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी पहिलं गिऱ्हाईक घरातलं — आई. सुनेच्या हाताखाली सासू डोकं देऊन बसायची आणि दोघींच्या गप्पांनी मला पेपर वाचता यायचा नाही. आता वाचता येतो. वाचत नाही.

५ नोव्हेंबर

आज जेल जास्त लावलं. आईने डोक्यावर टिचकी मारली. "ऐक, वाजतंय!" पण वाजूनही दुपारपर्यंत टिकलं नाही म्हणे. खपल्या निघाल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात घोळत राहणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या तापात आईचे केस गळाले. परत आले ते तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. बोटभर लांब, मऊ, कपाळाला चिकटून बसणारे. आई आरसा टाळायला लागली. मग एका सकाळी हिने काय केलं देवाला माहीत, सगळे केस उभे केले! टोकंटोकं. मी म्हणालो, "अगं, शहात्तर वर्षांच्या बाईला?" आई आरशासमोरून अर्धा तास हलली नाही.

समोरच्या बागेत तिच्या तीन मैत्रिणी बाकावर बसतात. त्यांनी नाव ठेवलं 'साळींदर'. आईला त्याचा राग नाही, उलट तोरा. "साळींदराला कुणी धक्का मारत नाही," म्हणायची. पाच वाजले की काटे मिरवत खाली.

ही गेल्यापासून आई खाली गेलेली नाही. पडलेले केस घेऊन जाणार नाही म्हणते. गॅलरीतसुद्धा येत नाही.

ताईचा फोन आला होता. "आई तिथे कोमेजून जाईल रे. तू दिवसभर कामावर. मी चोवीसला येते आणि घेऊन जाते तिला." ताई चुकीचं काही बोलत नाही, हीच तिच्याशी बोलताना अडचण असते. मी म्हणालो, बघू.

आई गेली तर या घरात मी आणि हिची कपाटातली बाटल्यांची रांग. बाकी कोणी नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

अर्धा दिवस. हिच्या दुकानात गेलो. ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

हिची भागीदार एकटीच होती. तिला ही 'कात्री' म्हणायची, हातापेक्षा जीभ जास्त चालते म्हणून. मला बघितल्यावर मात्र जीभ थांबली. खुंटीवर हिचा काळा एप्रन तसाच आहे. आम्ही दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेल? भाऊजी, रेशमाच्या धाग्याला डांबर लावताय तुम्ही! बारीक केसाला वजन झेपत नाही. बसा खुर्चीत."

"मी?"

"मग काय, मी हवेत शिकवू?"

माझे तरी केस कुठे दाट आहेत. तिने ओले केले, टॉवेलने टिपले. चिमूटभर केसांना लावायचा फेस मुळाशी. मग केस ज्या दिशेने पडतात त्याच्या उलट दिशेने ड्रायर. बोटांच्या चिमटीत एक बट मुळापासून उभी धरायची, गरम वारा द्यायचा. मग बटण फिरवून गार वारा — आणि सोडायचं नाही! "इथेच सगळे चुकतात. गरम असताना सोडलं की पडलं. गार होईपर्यंत धरून राहायचं. वॅक्स वाटाण्याएवढंसुद्धा नको, तळहातावर चोळून दिसेनासं झालं की फक्त टोकांना. शेवटी हातभर लांबून स्प्रे." मग म्हणाली, "ती धरायची ना, तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत राहायची. म्हणायची, धरलं की माणूस आपोआप बोलतं."

तीन काटे करून थांबली. "एवढे पुरे. घरी जाऊन दाखवा."

तसाच तीन काटे घेऊन सायकलवरून आलो. सिग्नलला एक मुलगी हसली. आईने दार उघडलं आणि इतकी हसली की भिंतीला धरावं लागलं. हसता हसता रडली. मी चप्पल काढत बसलो, बराच वेळ.

१० नोव्हेंबर, रविवार

जमलं! छत्तीस काटे, पन्नास मिनिटं. संध्याकाळपर्यंत एक हलला नाही. पाच वाजता आई खाली गेली. गॅलरीतून बघत होतो. बाकावरच्या तिघी उठून उभ्या राहिल्या. एक ओरडली, "आलं गं आपलं साळींदर!"

बरं वाटलं. मग लगेच हिला सांगावंसं वाटलं आणि बरं वाटायचं थांबलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

कामावर, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, पावणेएकला फोन. आई. "पडले रे."

सकाळी कालच्यासारखंच केलं होतं. तंतोतंत. सायकल काढून घरी गेलो, दहा मिनिटांचा रस्ता. खरंच पडले होते. पुन्हा केले. तोवर तिने ताट वाढलं होतं. "आलाच आहेस तर चार घास खा." डबा प्रयोगशाळेतच राहिला होता. खाल्लं थोडं. दुपारचे काटे रात्रीपर्यंत टिकले.

१२ नोव्हेंबर

पावणेएक. "पडले रे."

१३ नोव्हेंबर, बुधवार

तेच. आई म्हणाली, "रोज येतोच आहेस तर डबा कशाला नेतोस? आणि काय रे, हल्ली तुझा डबा फार स्वच्छ येत होता. सून असताना अर्धी भाजी परत यायची." डबा महिनाभर रखवालदार खातो आहे, हे तिला कोण सांगणार.

रखवालदाराला सांगितलं, उद्यापासून डबा नाही. त्याचं तोंड पडलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तक्ता केला. एकोणीस वर्षं पाणी तपासतो आहे, तक्ता केल्याशिवाय मला काही समजत नाही. सकाळी नऊचे काटे पडतात पावणेएकला. दुपारी दीडचे पडतच नाहीत. हात तेच, डोकं तेच, वॅक्स तेच.

पहिला संशय वाफेवर. सकाळी आई स्वयंपाक करते. म्हणालो, "काही दिवस गॅसजवळ जाऊ नकोस." म्हणाली, "आणि आपण दोघं काय वारा खायचा? तोही गार?"

दुसरा संशय पाण्यावर. सकाळी केस नळाच्या पाण्याने धुतो, दुपारी नुसते ओलसर करतो. पाणी जड असेल तर केसावर क्षार बसणार, वॅक्स धरणार नाही. बाटलीत नळाचं पाणी भरून घेतलं आहे.

१५ नोव्हेंबर

घरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ३४० मिलिग्रॅम. भलतीच जास्त! सापडलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

प्रयोगशाळेतून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन घेतला. रीतसर सही करून. साहेबांनी विचारलं, "घरी इन्व्हर्टरची बॅटरी आहे वाटतं?"

म्हणालो, "नाही. आई आहे."

साहेबांनी पुढे विचारलं नाही. महिनाभर मला कोणीच पुढे विचारत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

डिस्टिल्ड वॉटरने आईचं डोकं धुतलं. "हे कसलं पाणी?" "शुद्ध." "मग प्यायला दे, डोक्यावर कशाला वाया घालवतोस!"

रात्रीपर्यंत टिकले. सिद्ध झालं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पावणेएक. "पडले रे."

कॅन अजून अर्धा भरलेला आहे. त्याच्याकडे बघवत नाही.

२० नोव्हेंबर

आज वाटेत रडलो. सायकलवर सोपं जातं, वाऱ्याने डोळे तसेही ओले होतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ताईचा फोन. चोवीसला नक्की. "मी ऐकलं, तू रोज दुपारी कामावरून पळत येतोस म्हणे? केसांसाठी? अरे, नोकरी घालवशील!" मी म्हणालो, जेवणाच्या सुट्टीतच येतो. "आणि पुढे? जन्मभर?"

दमलो आहे. झोपून उठलं तरी दमलेलाच असतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आईचं डोकं धरून उभा होतो. गार वारा चालू. एकेक काटा गार व्हायला दहा-बारा सेकंद लागतात. छत्तीस काटे. तेवढा वेळ तिचं डोकं माझ्या हातात असतं. कवटी किती लहान आहे! कानामागे एक तीळ आहे, मला पन्नाशी उलटली तेव्हा कळलं.

हिला सगळं माहीत असणार. तीळसुद्धा.

ही एकदा म्हणाली होती, "अहो, शिकून घ्या ना एकदा. मी कुठे बाहेरगावी गेले तर सासूबाई अडकतील." मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो, "तू आहेस की." तेव्हा ही हसली होती. मग हिला ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

आज दुपारी हे आईला सांगितलं. काटे धरलेले असताना. सांगायचं ठरवलं नव्हतं. आई म्हणाली, "तिने मलाही सांगितलं होतं." "काय?" "की हा शिकणार नाही." आणि थोड्या वेळाने, "ती चुकली एकदा तरी."

पोटभर जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतलं हे नंतर लक्षात आलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताई सकाळी नऊला रिकामी बॅग घेऊन आली. आईचे काटे बघून दारातच थांबली. "आई! काय हा अवतार!" पण हसली.

मग मला म्हणाली, "तुझी पँट कमरेवर राहते तरी कशी? किती उतरलास!" आई आतून ओरडली, "आता भरतोय जरा. महिन्यापूर्वी बघायला हवं होतंस."

दुपारी जेवणं झाल्यावर ताईने विषय काढला. आई म्हणाली, "मी येत नाही." "अगं, पण तुझं करणार कोण?" "हा करतो." ताई माझ्याकडे वळली. "रोज धावत येऊन? हे चालायचं नाही. आणि सकाळपासून मी बघतेय, एक काटा हलला नाही! दुपारी पडतात कसे मग?"

आई पाण्याचा तांब्या उचलून आत गेली. "रविवार आहे ना," एवढंच म्हणाली.

ताईशी बोलून शेवटी एवढं ठरलं — आठ दिवस. तेवढ्यात सकाळचे काटे संध्याकाळपर्यंत टिकले, माझी दुपारची पळापळ थांबली, तर आई इथे. नाही तर पुढच्या रविवारी बॅग भरायची. ताई जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मी तुझ्याविरुद्ध नाही रे." माहीत आहे.

कात्रीला फोन केला. तिच्याकडे लग्नातल्या केशरचनेचा जबरदस्त स्प्रे आहे. "हा मारला की वादळातसुद्धा हलणार नाहीत." उद्या घेतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

स्प्रे घेऊन आज मुद्दाम लवकर, बाराला घरी गेलो. किल्ली माझ्याकडे होती. आवाज न करता दार उघडलं, झोपली असेल म्हणून.

आई बेसिनसमोर उभी होती. छत्तीसच्या छत्तीस काटे ताठ. ती तळहात ओला करत होती आणि एकेक काटा दाबून खाली बसवत होती. सावकाश. शेवटचा बसवल्यावर हात पुसले. ओट्यावर दोन ताटं मांडली.

मी दार ओढून घेतलं. खालच्या जिन्यात बसून राहिलो. पावणेएकला खिशात फोन वाजला.

"पडले रे."

"आलोच," म्हणालो.

संध्याकाळी ताईला कळवलं, सगळे उपाय करून बघितले, काटे काही टिकत नाहीत. पण साहेबांशी बोललो आहे, दुपारची सुट्टी कायमची दीड तासाची करून घेतली आहे, संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबेन. बॅग आणू नकोस. दुपारी मला घरी यावंच लागतं.