वहीतली पन्नासावी धाव

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. हल्ली टपालपेटीपर्यंत जायचं तरी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. दवाखान्यात बत्तीस वर्षं उभ्यानं औषधं बांधून दिली, त्याचा सूड पाय आता उगवतायत. ही गेल्यापासून घरात बोलायलाही कुणी नाही. भांडायला तर नाहीच नाही.

बातमी अशी, की आपला क्रिकेट क्लब बंद होतोय. अकरा माणसं जमत नाहीत, आणि जमली तर त्यातल्या चौघांना बसायला खुर्ची लागते. मैदानावर पाण्याची टाकी होणार आहे. त्याआधी शाळेच्या व्हरांड्यात एक पाटी लावायची, असं सेक्रेटरीच्या डोक्यात आलंय. सामन्यात ज्यांनी पन्नास धावा केल्या त्यांची नावं. सात जण निघाले, सातवा मी. फक्त पुरावा हवा म्हणतो. तेव्हाची स्कोअरची वही तुझ्याकडे आहे, ती पाठव. पेंटर वीस तारखेला येणार आहे.

खरं सांगू का, आता कशाचंच फारसं वाटत नाही. पण ही पाटी हवीशी वाटते. नातवंडांना दाखवायला माझ्याकडे दुसरं आहे काय?

शिंपी फार आजारी आहे. फुप्फुसं गेली म्हणतात. मशीनवर चादर टाकलीय आणि हा दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडून. परवा गेलो तर सवयीनं तोंडातून निघालंच, की काय रे एकोणपन्नास, कसा आहेस. बिचारा हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. त्याच सामन्यात तो एकोणपन्नासवर बाद झाला होता ना, तेव्हा मीच ते नाव ठेवलं. दुकानाच्या पाटीपेक्षा तेच जास्त चाललं.

भाच्याला आशीर्वाद. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
खुंट्या


९ फेब्रुवारी

चि. खुंट्यास,
अ. उ. आ.

विकेटवर रुतून बसायचास म्हणून तुला खुंट्या म्हणत आलो, पण पत्राच्या बाबतीतही तू तसाच. हलता हलत नाहीस. गुडघ्यांना शेक देत जा. नुसतं लिहून ते बरे होत नाहीत.

वही कपाटातून काढली आणि तीन दिवस टेबलावर तशीच ठेवली. आता लिहून टाकते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

त्या दिवशी नेहमीचा स्कोअर लिहिणारा तापानं पडला होता आणि अक्षर बरं म्हणून वही पहिल्यांदाच माझ्या हातात आली. तू एकोणपन्नासवर होतास, जिंकायला एक धाव हवी होती. चेंडू तुझ्या पॅडला लागून गेला आणि तुम्ही पळालात. सगळा गाव मैदानात घुसला. त्या गर्दीतून मला अंपायर दिसला. कोण उभा होता ते आता आठवत नाही, पण त्यानं गुडघा उचलून त्यावर हात थोपटला. म्हणजे लेगबाय. धाव संघाची, तुझी नव्हे. नियम मला पाठ होते रे. पण तू बॅट वर केली होतीस, आणि माझा हात दुसरीकडे वळेना. ती धाव मी तुझ्या नावापुढे लिहिली.

पुढचे सामनेही मग मीच लिहिले, आणि त्याच वहीतले आकडे बघून हेडमास्तरांनी वडिलांना सांगितलं, की पोरीला शिकू द्या. तीस वर्षं मी गणित शिकवलं. एकेका गुणासाठी पोरांना रडवलं. आणि वही माझ्याच कपाटात होती.

एका धावेनं कुणाचं काय बिघडलं, असं तू म्हणशील. शिंप्याचं बिघडलं. ज्याला तू बावन्न वर्षं चिडवतोस, त्याच्याइतकेच तुझे झाले होते. वही आत्ता पाठवत नाही. पाटीवर काय लिहायचं ते तूच ठरव. रागावलास तर उघड रागाव, मनात धरून बसू नकोस.

तुझीच,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू कुठल्या तोंडानं? चेंडू माझ्याच पॅडला लागला होता, मला कळणार नाही होय? बॅट वर केली ती सगळे ओरडत होते म्हणून, आणि मग ती खाली कशी घ्यायची ते समजेना. संध्याकाळी कॅप्टननं वही मोठ्यानं वाचली, त्यात माझे पन्नास निघाले. मी गप्प बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, शिंप्याला ते नाव मी त्याच संध्याकाळी ठेवलं. लोकांनी त्याचे मोजत राहावेत, माझे मोजू नयेत म्हणून.

तुला नवखेपणामुळे कळलं नसेल, असं मी धरून चाललो होतो. अंपायरच्याही लक्षात आलं नसेल, असं वाटायचं, कारण मी मागे न बघता पळालो. म्हणून तुझ्या पत्रातली खुणेची ओळ वाचली आणि घाम फुटला. ताई, बाद झालेल्यानंच आपल्याकडे अंपायर म्हणून उभं राहायचं. त्या दिवशी शिंपी उभा होता.

काल काठी घेऊन त्याच्याकडे गेलो. वाटेत दोनदा बसावं लागलं. खाटेजवळच्या स्टुलावर टेकलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, की त्यात नवीन काय सांगतोस. मग इतकी वर्षं माझं चिडवणं का ऐकून घेतलंस, म्हणून विचारलं. तो म्हणाला, की पोरीच्या हातात पहिल्यांदाच वही आली होती. पहिल्याच दिवशी चूक निघाली असती, तर पुन्हा तिला कुणी वही दिली नसती. एका नावानं त्याचं काय जात होतं, कपडे तर लोक शिवून घेतच होते.

एवढं बोलून त्याला दम लागला. मी निघालो तर मागून हाक आली, की एकोणपन्नास, जाताना दार लोटून घे. मी दार लोटलं आणि त्याच्याच पायरीवर बसून रडलो. या वयात फार लाज वाटली, पण थांबवता येईना.

सेक्रेटरीला माझं नाव गाळायला सांगितलंय. तो म्हणतो, सहा नावांनी पाटी लंगडी दिसेल. दिसू दे म्हटलं, माझ्यासारखीच.

तुझा,
खुंट्या


२१ फेब्रुवारी

चि. खुंट्यास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. मी तुला वाचवलं, असं मला आजवर वाटायचं. वाचले ती मीच, आणि ज्यानं वाचवलं त्याला मी कधी साधं कसा आहेस म्हणून विचारलं नाही.

आज वही दुरुस्त केली. तुझी शेवटची धाव खोडली, लेगबायच्या रकान्यात लिहिली आणि बाजूला सही केली. बेरीज दोनदा करून पाहिली. संघाच्या धावा तेवढ्याच राहतात, सामना जिंकलेलाच राहतो. तुम्ही दोघे तेवढे आता शेजारी शेजारी, सारखे.

रविवारच्या बसनं येते. या वयात एवढा प्रवास कशाला, असं मुलगा म्हणतो. कंबर माझीही तेच म्हणते, पण वही शिंप्याला दाखवायची आहे. तोवर तू रोज त्याच्याकडे जाऊन बस. थकलास तरी जा. माया आहे तशी असू दे.

आणि त्याला सांग, वही अजून माझ्याच हातात आहे.

तुझी,
ताई