गळ्याचं माप

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुकानातला फोन बाबांच्या कोपराशी असतो, म्हणून पत्र लिहिते. शिवाय फोनवर तू नुसता हो-हो म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस.

येत्या सोळा तारखेला दुकानाची सहल काढली आहे. कारागीर, इस्त्रीवाले काका, काजवाल्या मावशी, मी आणि बाबा, असे चौदा जण. जागा मी निवडली. तू जिथे आकाशपाळणा चालवतोस तेच उद्यान. बाबांना यातलं काही माहीत नाही. तू कुठल्याशा यंत्रावर आहेस, एवढंच ते जाणतात आणि पुढचं विचारत नाहीत.

पाच वर्षं झाली. तू चोवीस कोटांच्या सगळ्या बाह्या डाव्याच कापल्यास, हे खरं. कापड उलटायचं विसरलास. पण या हातांना कुठलंच काम येणार नाही, असं बाबांनी सगळ्या कारागिरांसमोर म्हणायला नको होतं. आणि तूही कात्री टेबलावर टाकून त्याच पावली निघून जायला नको होतंस. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

माझा बेत साधा आहे. बाबांना मी पाळण्यात बसवीन. फेरी संपली की दार तुलाच उघडावं लागतं ना? मग उघड, हात दे आणि बाबा म्हण. त्यांना तुझ्याशी एक तरी शब्द बोलावाच लागेल. अलीकडे ते जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात. आता बोलले नाहीत तर पुढे कधी बोलतील, याची मला खात्री वाटत नाही.

त्या दिवशी दाढी करून ये. तुझ्यावर जीव असलेली,
ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

दाढी केली होती. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तू वर अडकलेली होतीस, म्हणून खालून काय दिसलं ते सांगतो. तुम्ही सगळे बसलात, पाळणा दोनदा फिरला आणि वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही. त्याची बॅटरी बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलं आहे. अशा वेळी चाक हाताने फिरवावं लागतं. तिकीटवाल्या बाई दांडा फिरवतात, मी ब्रेक धरतो. एक पाळणा रिकामा केला की लगेच त्याच्या बरोबर समोरचा रिकामा करायचा, नाहीतर जड बाजू आपोआप खाली धावते. बारा पाळणे असे उतरवायला तासभर लागतो. तेवढा वेळ काजवाल्या मावशी वरून विचारत होत्या की खाली ठेवलेले डबे कुणी उघडले तर नाहीत ना.

पहिला पाळणा खाली आला तो बाबांचा. मी दार उघडलं, हात पुढे केला, बाबा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, आधी बाकीच्यांना उतरवा. उतरवा म्हणाले, ताई. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

मी समजावलं की असं करता येत नाही, तोल जातो. ते ढिम्म. मग त्यांचं वजन धरून सगळा हिशेब बदलावा लागला. चार वेळा ते माझ्यासमोरून गेले. चारही वेळा मी दार उघडलं, चारही वेळा नुसते बघत बसले. शेवटी सगळं चाक रिकामं आणि वर एकटे बाबा. एवढ्या मोठ्या चाकावर एकच माणूस असला की त्याला खाली आणण्याएवढं अवघड काही नाही. ब्रेक जरा जास्त सुटला तर पाळणा सुसाट येतो. मी बोटभर-बोटभर सोडत आणला. हात आखडले होते आणि भीतीही वाटत होती.

खाली आल्यावर मी पुन्हा हात दिला. त्यांनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. तसेच उतरले, तिकीटवाल्या बाईंना झालं का म्हणून विचारलं आणि बसकडे गेले. पाच वर्षांनंतरही माझ्यासाठी मूठच आहे, हे कळलं. आता पुन्हा असा बेत करू नकोस.

मावशींना सांग, डबे कुणी उघडले नव्हते.

तुझा,
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मशीनच्या खणात ठेवून दिलं. चूक माझी. करायला गेले एक आणि झालं भलतंच. बाबांना दोष देऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. मीच दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. बसमध्ये ते खिडकीशी बसून होते, मूठ तशीच मांडीवर. मावशींनी खाऊ पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले.

आता वेगळीच काळजी लागली आहे. सहलीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी दुकान उघडून त्यांनी निळं कापड काढलं आणि शर्ट कापायला घेतला. जवळ मापाची चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचाच नियम, तुला ठाऊक आहे. एकदा त्यांनी सख्ख्या भावाला परत पाठवलं होतं, कारण तो चिठ्ठी घरी विसरून आला होता. मी विचारलं, कुणाचा शर्ट? म्हणाले, आहे एक गिऱ्हाईक. मग डोळे मिटून उभे राहिले, खडूने टेबलाच्या कडेवर आकडे लिहिले आणि पुसून टाकले. शिवायलाही कुणाला दिला नाही. काल शर्ट टेबलावर दिसला नाही आणि कॉलर लावलेली मी काही पाहिली नाही.

इस्त्रीवाले काका म्हणतात, वय झालं की माणूस विसरतो. मला ते ऐकवत नाही. तू एकदा येऊन जा, असं लिहिणार होते, पण कुठल्या तोंडाने लिहू?

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहे तो कमी करू नकोस.

ताई


ता. २८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र शर्टाच्या घडीत ठेवलं आहे. ताईला माहीत नाही. ती तुला पत्रं लिहिते, हे मलाही माहीत नाही असं तिला वाटतं.

मी पहिल्यांदा खाली आलो तेव्हा तुझ्या अंगातला शर्ट बघितला. खांदा दीड इंच उतरलेला, पाठीत झोळ. कुणी शिवला ते विचारत नाही. जवळ टेप नव्हती, माप नजरेनेच घ्यायचं होतं, म्हणून उतरलो नाही. पहिल्या फेरीत खांदा घेतला, दुसऱ्या फेरीत छाती, तिसऱ्या फेरीत बाही, चौथ्या फेरीत उंची. ब्रेक ओढताना तुझा उजवा दंड वर जातो, म्हणून ती बाही पाव इंच जास्त ठेवली आहे. बाह्या एक डावी आणि एक उजवी आहेत, तपासून घे.

मी तुझा हात धरला नाही, ते तुझ्या मनात राहिलं असेल. आकडे बोटांच्या पेरांवर धरले होते. मूठ सोडली असती तर विसरलो असतो. आता पूर्वीसारखं लक्षात राहत नाही. दुकानात येईपर्यंत ती तशीच ठेवली.

तुझ्या हातांबद्दल मी सगळ्यांदेखत बोललो होतो. त्या दिवशी चाकावर एकटा उरलो तेव्हा त्याच हातांच्या भरवशावर बसलो होतो. मला धक्का लागला नाही. मी बोललो ते चुकीचं होतं. हे मी कारागिरांनाही सांगणार आहे, पण तू समोर असताना.

एक माप राहिलं. दर वेळी दार उघडताना तू मान खाली घातलीस, त्यामुळे गळा दिसला नाही. कॉलर कच्च्या टाक्यांवर आहे. अंदाजाने लावायची मला सवय नाही. शर्ट घेऊन ये.

वाट पाहणारा,
बाबा