सुपरमार्केटसमोर त्याच मापाचा फलक लावू देण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
जाहिरात फलक विभाग,
नगर कार्यालय.

विषय : मुख्य रस्त्यावरील सुपरमार्केटच्या दारासमोर वीस बाय दहा फुटी फलकास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : तेथील सध्याच्या फलकाविरुद्धचे माझे यापूर्वीचे दोन तक्रार-अर्ज व त्या दोन्हींवरील आपले एकच उत्तर (“सदर फलक मंजूर मापात आहे”).
सोबत : छायाचित्र एक, मजकुराचा नमुना एक.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, मी आपल्याच विभागाकडे नोंदलेला फलक लावणारा कारागीर असून एकोणीस वर्षांत माझा एकही फलक वाऱ्याने पडलेला नाही. हे सांगण्याचे कारण, ज्या फलकाविरुद्ध माझी तक्रार आहे तो मीच लावला आहे.

१. सदर सुपरमार्केटने गरजूंना धान्यवाटपाचा कार्यक्रम ठेवला. फोटोसाठी बारा गरजू हवे होते, आले अकरा. त्या वेळी माझी आई, वय एकाहत्तर, साबणाची वडी घेऊन बिलाच्या रांगेत उभी होती. मॅनेजरसाहेबांनी तिच्या झिजलेल्या चपला पाहिल्या व “आजी, दोन मिनिटं इकडे उभ्या राहा ना,” असे म्हटले. आईला नाही म्हणता येत नाही. तिला वाटले, जुन्या गिऱ्हाइकांना काही भेट देत असतील. उजेड नीट नसल्याने पिशवी तीनदा देऊन तीनदा परत घेण्यात आली. अखेर मिळाली तेव्हा आतल्या पिठाची मुदत संपायला चार दिवस होते.

२. फ्लेक्स गुंडाळून येतो व वरून खाली ताणत लावावा लागतो. शिडीवर माझ्यासमोर एका वेळी हातभरच चित्र असते. मी डोळा लावला, नाक लावले, हनुवटी लावली. काम सरळ आले की नाही हे पाहण्यास नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून मागे वळलो, तर ती माझी आई निघाली. खाली मजकूर होता : “आमच्यामुळे आज हिची चूल पेटली.” काम सरळ आले होते.

३. आईने तीस वर्षे शिलाई मशीन चालवून अर्ध्या वस्तीच्या मुलांचे गणवेश शिवले व कुणाचा कपभर चहाही फुकट घेतला नाही. फलक लागल्यावर दूधवाला तिला म्हणाला, “मावशी, इतकी ओढाताण होती तर सांगायचं तरी.” त्या दिवसापासून ती उंबरठ्याबाहेर पडलेली नाही.

४. लोक काही खुळे नाहीत. “उद्या फेकायचा माल आज वाटायचा, आणि पुण्य वरकड,” असे त्या दुकानाच्या रांगेतच बोलले जाते. बोलतात आणि पिशव्या भरून घरी जातात. मी जाब विचारला असता मॅनेजरसाहेब म्हणाले, “अहो, बघून लोकांना बरं वाटतं. गिऱ्हाईक वाढलंय.” गाय मारून जोडे दान करणारे ऐकले होते. हे जोडेही स्वतःच्याच पायात ठेवतात.

५. सबब गेल्या रविवारी मी तेच सामान, तसलीच पिशवी व एक फोटोग्राफर घेऊन साहेबांच्या घरी गेलो. गिऱ्हाइकांतर्फे सत्कार आहे असे समजून त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी, हसत घेतली. उजेड चांगला होता, तरी फोटो तीनदा काढला. मजकूर असा : “एका शिवणकामवाल्या बाईमुळे आज यांची चूल पेटली.” अक्षर तेच, माप तेच, तोंड थेट त्यांच्या दुकानाच्या दाराकडे. त्यांनी, त्यांच्या पत्नीने व मुलांनी तो येता-जाता पाहावा आणि मान खाली घालावी, एवढाच माझा हेतू आहे. दान करणाऱ्याने हेतू खरा लिहून दिल्याचे आपल्या दप्तरी हे बहुधा पहिलेच उदाहरण ठरेल.

६. परवानगी नाकारायचीच असल्यास, आपल्या शिक्क्यानिशी माझ्या आईला एक ओळ लिहून पाठवावी की, ती त्या दिवशी विकत घ्यायला गेली होती, मागायला नव्हे. हे मी तिला रोज सांगतो. ती ऐकून घेते आणि समोरचे ताट बाजूला सारते. कारण फलक लावून घरी आलो त्या दिवशी, तिला एक शब्दही बोलू न देता, “आम्ही तुला उपाशी ठेवतो का?” असे तिच्यावर ओरडणारा पहिला माणूस मीच होतो.

आपला नम्र व अद्याप शांत,
(सही)
फलक लावणारा, नोंदणीकृत

दिनांक : फलक लागल्याचा बाविसावा दिवस