काकांची बोट, आजोबांची चॉपस्टिक

तीर्थरूप थोरल्या काकांना सोकचुनचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (काकू म्हणतात, विचारू नकोस, ते 'बरा आहे' असंच सांगणार.) मोक्पोच्या हॉस्पिटलातलं समुद्रशेवाळाचं सूप तुम्हाला पाणचट लागतं, हे कळलं. इकडे सगळे ठीक. बोटही ठीक. निदान आता तरी.

छुसोकच्या सणाआधी बेटावर जाऊन आजोबांच्या थडग्यावरचं गवत कापून ये, आणि बोट कशी चालली ते खरं खरं लिही, असं तुम्ही बजावलं होतंत. काम नीट झालं तर बोट माझ्या नावावर करणार, आणि मग 'बोटच नाही तर गुडघा कशाला हवा' म्हणून ऑपरेशनला नकार देणार, असं काकूंकडून समजलं.

तर मंगळवारी सकाळी मी आणि काकू निघालो. बरोबर गवत कापायचं यंत्र, नाशपाती, तांदळाची दारू आणि आजोबांच्या नैवेद्याचा पितळी चमचा व चॉपस्टिकची जोडी. (आजोबा दुसऱ्या कशाने जेवत नाहीत, असं काकूंचं ठाम मत. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली.) समुद्रात दोरांवर केल्प-शेवाळ वाढवतात, त्या शेतापाशी मी जरा मधूनच घुसलो. तुम्ही 'वळसा घाल' म्हणाला होतात, ते मला पुढच्याच क्षणी आठवलं, कारण बोटीचा पंखा दोरावर आपटून खाडकन आवाज झाला. इंजिन असं गरजलं की बगळे उडाले, पण बोट जागची हलेना.

मी भीतीने अर्धमेला झालो. ओहोटी आम्हाला बाहेरच्या खडकाकडे ओढत होती. इंजिनाचं झाकण काढून काकूंकडे दिलं, त्यांनी ते उलटं धरून त्यात नाशपाती भरल्या. इंजिन बंद करून मी प्लग बदलला, परत सुरू केलं. (इंजिन कानठळ्या बसेपर्यंत ओरडत असताना प्लगला दोष देणारा गावात मीच पहिला.) पेट्रोलची नळी झटकली, गिअरचा दांडा पुढेमागे केला.

"आवाज अगदी तुझ्या काकांसारखा," काकू म्हणाल्या. "घर डोक्यावर घेतात, पण जागचे हलत नाहीत!"

शेवटी इंजिन बंद करून वर उचललं आणि पंखा बोटाने फिरवला, तर तो भिरभिरला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: पंखा कशावर आपटला तर आतली पिन तुटते, म्हणून यंत्र वाचतं, हे तुम्हीच शिकवलं होतं. पण दुसरी पिन कुठून आणू? खडक इतका जवळ आला की त्यावरचे शिंपले मोजता आले असते. मग मी आजोबांची एक चॉपस्टिक पकडीने तोडली. काकूंनी डोळे मिटून घेतले. तुकडा चपखल बसला आणि बोट निघाली.

गवत छान कापलं. नैवेद्य दाखवताना काकू थडग्याला म्हणाल्या, "मामंजी, आज चमच्यानं भागवा. नातू तुमचाच आहे."

आपला,
सोकचुन

ता. क. येताना मोक्पोहून तशीच पितळी चॉपस्टिक आणा, वीतभर लांबीची. नैवेद्याची भांडी वहिनी मोजून ठेवतात, त्यांना कळू देऊ नका.

ता. क. २. घरी येऊन नाशपाती उपसल्या, तर झाकणाच्या आत चिकटवलेली पुडी सापडली. तीन नव्या पिना, आणि तुमच्या अक्षरात: 'सोकचुन, मी नसेन तेव्हा आधी इथे बघ.' काका, त्यातले 'मी नसेन तेव्हा' हे तीन शब्द मी खोडलेत. दोन पिना समुद्रात टाकल्या, एकच ठेवलीय; ती तुटली की पुढची द्यायला तुम्हीच हवेत.

ता. क. ३. वरचं सगळं डॉक्टरांना वाचून दाखवा. अशा माणसाच्या हाती बोट देणार आहात का? ऑपरेशनच्या कागदावर सही करा. पुढच्या वर्षी वळसा कुठून घालायचा, ते बोटीत बसून मला ओरडून सांगायला कुणीतरी हवं.