फाटकाची कडी

भिसेगाव, कर्जत
९ जानेवारी २०२५

प्रिय झोहरा,

सलाम. कंबर कशी आहे? वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातेस असं नाजनीन म्हणाली. लेकीकडे कुंभिवलीला, त्या हायवेच्या आवाजात झोप लागते का गं? इथे मांजर चाललं तरी तुला जाग यायची.

आपलं सकाळचं फिरायचं मंडळ मोडल्यातच जमा. रोहिणी सुनेच्या बाळंतपणाला गेली. दशरथभाऊ एकटेच नदीपर्यंत जाऊन येतात. मी जात नाही, गुडघ्यांचं निमित्त सांगते. शाळेतून मी रिटायर झाले तेव्हा चार महिने भिंतीकडे बघत बसले होते. तूच हाताला धरून बाहेर काढलंस. आणि नियमही तुझाच. पावणेसहाला जो आधी निघेल त्याने वाटेतल्या प्रत्येकाच्या फाटकाची कडी वाजवायची, आतून ओ आली नाही तर किल्ली लावून सरळ आत शिरायचं. तुझी किल्ली माझ्याकडे, माझी तुझ्याकडे.

फोनवर नाजनीन जवळ असते, म्हणून लिहितेय. मनोज रिक्षावाला तिकडे येणार आहे, त्याच्या हाती देते.

तू पडलीस त्या दिवशी नाजनीन मला बिलगून रडली. "मावशी, तुम्ही कडी वाजवलीत, पण अम्मीला ओ देता आली नसेल." मी नुसती मान हलवली. झोहरा, मी कडी वाजवलीच नव्हती.

आदल्या दिवशी माथेरानच्या सहलीतून तू माझं नाव खोडलंस. वर चारचौघांत म्हणालीस, "हिला हातरिक्षा लागेल, आपला खोळंबा होईल." सगळे हसले. मला इतकं लागलं! घरी येऊन रडले बाई मी. सकाळी तुझ्या फाटकाशी थांबले, हात कडीपर्यंत नेला, आणि म्हटलं, बसू दे वाट बघत. चालून आले, पोहे केले, पेपर वाचला. दहाला तुझी कामवाली जना किल्ली मागायला धावत आली. चार तास तू न्हाणीत पडून होतीस.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुझी किल्ली सोबत पाठवतेय. ती ठेवायची माझी लायकी नाही.

तुझी अपराधी,
ललिता


कुंभिवली
१२ जानेवारी

ललिते,

पत्र चारदा वाचलं. नाजनीनला दाखवलं नाही.

तुझ्या चपला मी ओळखते, डावा पाय घासतेस. त्या फाटकाशी थांबल्या ते मी ऐकलं. पडून दहा मिनिटं झाली असतील. न्हाणीची खिडकी फाटकाकडेच आहे, एक हाक मारली असती तर तू ऐकली असतीस. पण आदल्या दिवशी तू माझा चहा तसाच टाकून गेलीस, त्याचा राग होता. म्हटलं, हिला वाजवायची तर वाजवेल कडी. मी नाही बोलवायची. चपला लांब गेल्या आणि मग मी किती ओरडले म्हणून सांगू!

तुला हसले ते मात्र चुकलंच माझं.

नाजनीन भिसेगावचं घर भाड्याने द्यायचं म्हणते. मी परत येईन की नाही, अल्लाला ठाऊक. किल्ली मनोजकडे परत दिलीय, गुपचूप ठेवून घे. तुझी माझ्याकडे आहे, ती मी देणार नाही.

उद्यापासून पावणेसहाला मला फोन कर. मी ओ देईन. नाही दिली तर नाजनीनला उठव.

भांडण झालं असेल तरी कर.

झोहरा